पंचम हलतोय : सबवूफर आणि स्पीकर दुरुस्तीच्या नोंदी

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार. लष्कर, ग्वाल्हेर

काल आजोबांची तिथ झाली. जेवणं उरकल्यावर दरवर्षीप्रमाणे त्यांचं गाणं लावलं. १९८३ सालचं घरातच केलेलं ध्वनिमुद्रण आहे: यमन, विलंबित तिलवाडा, तबल्यावर त्यांचे मित्र आणि तंबोऱ्यावर आमची आत्या, तेव्हा सोळा वर्षांची. कॅसेट आता ठिसूळ झाली आहे, म्हणून मी या उन्हाळ्यात ती संगणकावर उतरवून घेतली. काल पहिल्यांदाच ती फाइल दिवाणखान्यातल्या मोठ्या संचावर वाजली.

पाचच मिनिटांत बाबा म्हणाले, "पंचम हलतोय."

तंबोऱ्याच्या पंचमाचं, म्हणजे 'प'ला मिळवलेल्या तारेचं, म्हणत होते ते. मला काही कळेना. आजोबांचा आवाज स्वच्छ होता, तबल्याचा बायाँ छान घुमत होता. पण बाबा संध्याकाळच्या वर्गांना माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले. भातखंड्यांनी १९१८ मध्ये ग्वाल्हेरला सुरू केलेली ती शाळा. तंबोरा जुळवण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली आहेत. ते हलतोय म्हणाले, तर काहीतरी हलतंय.

संच असा आहे: एक अँप्लिफायर, साडेसहा इंची वूफरचे दोन शेल्फवरचे स्पीकर आणि फक्त खालचे सूर वाजवणारा दहा इंची सबवूफर. सबवूफरच्या पाठीला त्याचा स्वतःचा अँप्लिफायर बसवलेला आहे. नऊ वर्षं झाली घेऊन. पश्चिमेच्या खिडकीखाली कोपऱ्यात असतो आणि 'ऑटो'वर असतो, म्हणजे बोर्डावरचं बटण कधीच बंद होत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज मी चूक केली. ती नीट लिहून ठेवते.

फोनमध्ये ध्वनीचा आलेख दाखवणारं अ‍ॅप आहे. गाणं लावून फोन सबवूफरजवळ धरला, तर १०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांवर, एक सरळ, न हलणारा काटा उभा. मला वाटलं, सापडलं. १९८३ चा टेपरेकॉर्डर घरच्या विजेवर चालत होता, तिची घरघर टेपवर उतरली असणार. संगणकावर फाइल उघडली आणि १०० हर्ट्झची खाच मारून तेवढीच पट्टी कापली. लावून पाहिलं, काटा तिथंच. खाच रुंद केली. काटा तरीही तिथंच. आणखी रुंद केली.

बाबांना ऐकवलं. दोन मिनिटं डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "हलतोय तसाच. वर आता पोकळ पण झालाय."

मग डोक्यात प्रकाश पडला. फाइलमधून जो आवाज मी कापून टाकला, तो खोलीत अजून आहे, तर तो फाइलमध्ये नव्हताच. हेडफोन लावून मूळ फाइल ऐकली. पंचमाची तार भरलेली, स्थिर. आजोबा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गायचे. त्या पट्टीत खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची, तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते आणि पंचमाची तार त्याच्या दीडपट, म्हणजे १०४ च्या किंचित खाली. १०० ची रुंद खाच मारताना मी आत्यानं छेडलेल्या पंचमाचा पायाच कापत होते.

मूळ फाइल वेगळी ठेवली होती म्हणून वाचले. कापलेल्या तिन्ही प्रती पुसून टाकल्या.

१७ सप्टेंबर, बुधवार

रात्री अकरानंतर बसले. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद. एरवी पंख्याच्या आवाजात हे सगळं बुडून जात असावं. गाणं न लावता सबवूफर सुरू ठेवला आणि कान लावला. स्पष्ट घूं ऐकू आली. आलेखावर ५०, १०० आणि १५० असे तीन काटे.

पहिली कसोटी: सबवूफरचा आवाज शून्यावर आणला. घूं थोडी उतरली, गेली नाही. दुसरी: क्रॉसओव्हरचं बटण, म्हणजे सबवूफरनं किती हर्ट्झपर्यंतचे सूर वाजवायचे ते ठरवणारं, १२० वरून ५० पर्यंत फिरवलं. काहीच फरक नाही. तिसरी: अँप्लिफायरकडून येणारी सिग्नलची वायर सबवूफरमधून उपसली. ५० आणि १५० चे काटे साफ गेले. १०० चा उरला, बारीक पण ठाम.

म्हणजे दुखणी दोन आहेत. वायर काढल्यावर जे गेलं ते बाहेरून येत होतं. सिग्नलची वायर नसतानाही जे उरलं ते सबवूफरच्या पोटात जन्मतंय. दोन्ही एकदम वाजत असताना मी ती एकच समजत होते.

बाबा जागेच होते. आतल्या खोलीतून तंबोरा घेऊन आले, काळी एकला मिळवला आणि सबवूफरशेजारी बसून नुसती पंचमाची तार छेडत राहिले. म्हणाले, "हा तुझा आवाज पंचमाच्या जरासा खाली आहे. म्हणून दोघं भांडताहेत." फोनवर मुद्रण करून लाटा मोजल्या. दहा सेकंदांत एकोणचाळीस. सेकंदाला जवळजवळ चार हेलकावे, म्हणजे दोन आवाजांत चार हर्ट्झचं अंतर. १०४ वजा १००. बाबांच्या कानानं आणि फोननं एकच उत्तर दिलं. रात्री साडेबाराला आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसते ते ऐकत बसलो होतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बाहेरचं दुखणं सापडलं. सिग्नलची वायर परत जोडली आणि मग एकेक उपकरण सोडवत गेले. केबल टीव्हीची जाड काळी वायर सेट-टॉप बॉक्समधून काढताक्षणी ५० ची घूं गेली. त्या वायरची अर्थिंग खांबाकडे कुठंतरी होते, आमच्या घराची अर्थिंग वेगळी, आणि दोघींच्या दाबातल्या फरकामुळे आमच्या सिग्नलच्या वायरच्या बाहेरच्या जाळीतून प्रवाह वाहत होता. मल्टीमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमध्ये ७ व्होल्ट दाखवले, तेही जास्तच आहेत. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातलं. या भागात उन्हाळ्याअखेर तो खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि पावसाळ्यातही वरच्या फरशीमुळे पाणी आत जात नाही. तासाभरानं ३ व्होल्ट.

उपाय म्हणून केबलच्या वायरीत आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देणारा पण अर्थची वाट तोडणारा जोड, घालायचा आणि अँप्लिफायर, टीव्ही, सबवूफर एकाच बोर्डावर आणायचे. वायरिंगवाल्यानं सुचवलं होतं की सबवूफरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका, आवाज जाईल. आवाज जातो हे खरं. पण उद्या आत वायर सुटून पत्र्याला लागली, तर तो पत्रा हात लावणाऱ्याची वाट पाहत बसेल. आमच्या घरात लहान भाचे येतात. पिन काढायची नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या

सबवूफर उघडला. प्लग काढून रात्रभर ठेवला होता. पाठचा पत्रा दहा स्क्रूंवर आहे. सैल झाल्यावर हळूच पुढं ओढायचा, कारण स्पीकरकडे जाणाऱ्या वायरी आखूड असतात.

आत मोठा गोल ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि दोन जाडे कंडेन्सर: ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, ८५ अंश. रात्रभर बंद असूनही आधी मीटर लावला, एकावर ४ व्होल्ट उरलेले होते. चालू स्थितीत तिथं ३५ असतात. १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना पाच-सहा सेकंद धरून ते उतरवले. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून उतरवायची पद्धत मी पुष्कळांची पाहिली आहे, मला ती पटत नाही. कंडेन्सरलाही मार बसतो आणि हातालाही.

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० फेरे घेते. रेक्टिफायर तिची उलटी बाजूही सुलटी करतो, म्हणून त्याच्या पुढं उरणारे उंचवटे ५० नाहीत, १०० असतात. दोन उंचवट्यांमधला खड्डा भरून काढायचं काम या कंडेन्सरांचं. ते थकले की खड्डे तसेच राहतात आणि तेच १०० हर्ट्झच्या रूपानं स्पीकरमधून ऐकू येतात. आवाजाचं बटण आणि क्रॉसओव्हर याच्या खूप आधी असल्यामुळे ती फिरवून काही उपयोग होत नव्हता.

डाव्या कंडेन्सरचं डोकं सपाट होतं. उजव्याचं किंचित फुगलेलं, रुपयाच्या नाण्याची कड वर आल्यासारखं. उजवा हीटसिंकला, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला, जवळजवळ चिकटून बसवलेला आहे. दोन्ही सोडवून त्यांची क्षमता मोजली: डावा ३९००, उजवा ५१०. छापलेल्या ४७०० पैकी ५१०!

नऊ उन्हाळे, पश्चिमेची खिडकी, बाजूला हीटसिंक आणि चोवीस तास विजेवर. यात दोष त्या कंडेन्सरचा नाही. आतला द्राव उष्णतेनं उडून जातो. कारागिरांचा ठोकताळा असा की दर १० अंशांना आयुष्य निम्मं. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, पेटीच्या आत काय होत असेल.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बाड्याच्या चौकाकडच्या गल्लीत सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार वयस्क आहेत. उजवा कंडेन्सर हातात घेऊन कानाशी हलवला आणि म्हणाले, "सूख गया है, बिटिया. जोड़ी में बदलना, एक मत बदलना." हेच माझ्याही मनात होतं. ४७०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट, १०५ अंशांचे दोन घेतले. व्होल्ट जास्त असलेले चालतात, कमी असलेले नाहीत. उंची मोजून नेली होती, नाहीतर पत्र्याला टेकले असते.

२८ सप्टेंबर, रविवार

बसवले. पट्टी असलेली बाजू ऋण, हे तीनदा तपासलं. उलटा बसला तर तो फुटतो, आणि चेहरा त्याच्यावर वाकलेला असतो. उजवा हीटसिंकपासून बोटभर लांब घेतला, पायांना थोडी वायर जोडून, आणि हलू नये म्हणून बुडाशी सिलिकॉन लावलं. आतल्या सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या छापील पट्ट्या जुन्या आहेत. जास्त वेळ तापवल्या की उचलतात, म्हणून सोल्डर करताना एका वेळी तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं नाही.

पहिल्यांदा वीज देताना मालिकेत १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब जोडला. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि उपकरण वाचतं. बल्ब क्षणभर उजळला आणि विझत गेला. ठीक आहे. मीटर एसीवर ठेवून कंडेन्सरवरची लहर मोजली: काढण्यापूर्वी ऋण बाजूला ०.४ व्होल्ट होती, आता ०.०४.

पत्रा बसवला. रात्री पंखा बंद करून कान लावला. स्पीकरच्या कोनाला, म्हणजे पुढं-मागं हलणाऱ्या पडद्याला, कान टेकेपर्यंत काही नाही. आलेखावर १०० चा काटा गेलेला.

बाबांना लगेच गाणं ऐकवलं नाही. आधी शेल्फवरचे स्पीकर तपासायचे आहेत, अर्धवट ऐकवायचं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

उजव्या स्पीकरमधून खालचे सूर कमी येतात असं वाटत होतं. मागच्या भोकात टॉर्च मारला, तर आत कुंभारीण माशीचं घर. बोटभर लांब, मातीचं, अर्धं भोक बुजलेलं. घर रिकामं होतं. स्पीकर आडवा करून, माती आत न पडता बाहेर यावी म्हणून भोक खाली धरून, बांबूच्या काडीनं सोडवलं. ते भोक शोभेचं नसतं, त्याची लांबी-रुंदी खालच्या सुरांसाठी मोजून ठेवलेली असते. ते बुजलं की बायाँ थप्प वाजतो. बाहेरच्या तोंडाला विरळ जाळी बांधली. घट्ट विणीची लावली तर वारा फुसफुसतो.

डाव्याचं दुखणं वेगळं. जाळी काढली तर वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच काळ्या भुग्यासारखा हातात आला. अर्ध्या वर्तुळात चिरला होता. कोन कागदाचा आहे, धडधाकट. चारी बोटं समान दाबून कोन आत ढकलला: खरखर नाही, म्हणजे आतली कॉइल घासत नाही. मीटरवर ६.१ ओहम, आठ ओहमच्या स्पीकरला ते बरोबर आहे. नवा वूफर नको, नवी कड पुरे. उजव्याचा फोमही त्याच वयाचा, तोही बदलायचा. साडेसहा इंची दोन कडा मागवल्या.

१२ ऑक्टोबर, रविवार

सगळा दिवस यात गेला आणि मला हे काम फार आवडलं.

जुना फोम आणि डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवून लाकडी आइस्क्रीमच्या काडीनं खरवडला. कागदाच्या कोनावर धारदार पातं अजिबात नाही. आधी कड कोनाला चिकटवली, तासभर वाळू दिली. मग बाहेरची बाजू लोखंडी चौकटीला. इथं खरी परीक्षा आहे: कोन मध्यभागी नसेल तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आणि स्पीकर कायमचा खरखरतो. डिंक ओला असतानाच स्पीकरला अगदी हळू आवाजात ३० हर्ट्झचा सूर दिला. कोन पुढं-मागं डोलत राहतो आणि आपली मधली जागा स्वतः शोधतो. कुठं खरखर ऐकू आली तर त्या बाजूला बोटानं केसभर सरकवायचं. डाव्याला दोनदा सरकवावं लागलं, उजवा पहिल्याच वेळी बसला.

चोवीस तास हात लावायचा नाही. आईला सांगितलं आहे, दिवाळीची झाडलोट त्या कोपऱ्यापर्यंत आणू नकोस.

वायरी उलटसुलट लागल्या नाहीत ना, हे दीड व्होल्टच्या सेलनं पाहिलं. सेलचं धन टोक स्पीकरच्या धनाला टेकवलं की कोन पुढं यायला हवा. दोघांचेही आले.

१९ ऑक्टोबर, रविवार

जागेचं काम. आमची खोली १४ फूट लांब, भिंती दगडी, वर पटियांचं, म्हणजे लांब दगडी फरशांचं, छत. दगड खालचे सूर पीत नाही, परत फेकतो. एवढ्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते. कोपऱ्यात सबवूफर ठेवला की हे घुमणं आणखी वाढतं. नऊ वर्षं आम्ही त्यालाच 'दमदार' म्हणत होतो.

सबवूफर उचलून बाबांच्या खुर्चीवर ठेवला, तंबोऱ्याचा खर्ज सुरू केला आणि मी जमिनीलगत भिंतीकडेनं सरकत राहिले. जिथं खर्ज सारखा, न फुगता ऐकू येतो ती सबवूफरची जागा. ती निघाली पूर्वेच्या भिंतीला, कोपऱ्यापासून चार फुटांवर. तिथं ऊनही येत नाही. मग फेजचं बटण, म्हणजे सबवूफर बाकीच्या स्पीकरांबरोबर हलतो की उलट, हे ठरवणारं: ६९ हर्ट्झचा सूर लावून खुर्चीत बसायचं, दुसऱ्यानं बटण ० आणि १८० असं बदलायचं, ज्यात सूर भरदार वाटेल ते ठेवायचं. आमच्याकडे १८० आलं. क्रॉसओव्हर ८० वर. आवाज इतकाच ठेवला की सबवूफर बंद केल्यावरच तो होता हे कळावं.

बोर्डाशेजारी कागद चिकटवला आहे. अँप्लिफायर शेवटी चालू, पहिल्यांदा बंद. काम झालं की सबवूफर बोर्डावरून बंद. वीज गेल्यावर आमच्या चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर संच चालवायचा नाही, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. धूळ चित्रकलेच्या मऊ ब्रशनं, ओलं फडकं नाही, कोनाच्या मधल्या टोपीला बोट नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

आत्या इंदूरहून आली. ओवाळणं झालं, जेवणं झाली. पंखा बंद केला आणि मूळ फाइल लावली, कुठंही न कापलेली.

बाबा काही बोलले नाहीत. तंबोरा पूर्ण आवर्तन फिरला, पंचमावर आला, गेला, परत आला. त्यांची मान नेहमीसारखी हलायला लागली तेव्हा मी श्वास सोडला.

चार मिनिटांनंतर आत्या एकदम म्हणाली, "थांब, मागं घे."

मागं घेतलं. तिनं हात वर केला. "इथं. पंचम सुटला माझा. बोट घसरलं होतं. अण्णांनी गाताना नुसतं माझ्याकडे पाहिलं होतं."

पुन्हा लावलं. खरंच: जोडाच्या (मधल्या 'सा'च्या) दोन तारा, खर्ज, आणि पंचमाच्या जागी नुसती शांतता, मग पुढचं आवर्तन. बेचाळीस वर्षं ती चूक टेपवर होती. तिथीच्या दिवशी मोठ्या संचावर वाजलं तेव्हा त्या जागी आमचा सबवूफर घूं करत होता, म्हणून ती जागा रिकामी आहे हे आम्हाला ऐकूच आलं नव्हतं.

"दादा, तुला आठवतंय?"

"मी तेव्हा बाहेर चहा सांगायला गेलो होतो," बाबा म्हणाले. "लाव ग परत."

जागा ४ मिनिटं १२ सेकंद, फाइलच्या नोंदीत लिहून ठेवली. डाव्या स्पीकरची कड बोटानं तपासली, पक्की आहे. पावणेअकराला सबवूफर बोर्डावरून बंद.